हेमाद्रीचं दप्तर आणि देवाची जमीन

आडवाटेचा (धागालेखक)

मध्ययुग आणि धर्म हा विषय निघाला की आपल्याकडे दोन वाक्यं तयार असतात. एक, धर्म हे राजांच्या हातातलं हत्यार होतं. दोन, राजे धर्मासाठी लढले आणि धर्मासाठी मेले. ही वाक्यं बोलणारे एकमेकांवर तुटून पडतात, पण एक गोष्ट दोघांनाही मान्य असते: सत्ता राजाकडे होती आणि धर्म तिच्या शेजारी कुठेतरी उभा होता. यादवकाळातले शिलालेख, ताम्रपट वाचताना मला हेच खटकायला लागलं. म्हणून हा धागा. पसारा नको, दख्खनपुरतं बोलू. साधारण १२०० ते १४५०.

सुरुवात हेमाद्रीपासून. हेमाडपंती देवळांमुळे नाव सगळ्यांना ठाऊक. मोडी त्याने आणली, बाजरी त्याने आणली अशाही कथा आहेत (उरलेल्या वेळात बिचारा राज्यकारभार बघत असावा). त्याचं खरं पद श्रीकरणाधिप, म्हणजे सरकारी दप्तराचा मुख्य. आधी महादेव यादवाकडे, मग रामचंद्राकडे. कुठलं गाव कुणाच्या नावावर, कुणाला काय दिलं, हे सगळं या दप्तरात. आणि हाच माणूस ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा अवाढव्य धर्मशास्त्रीय ग्रंथ रचतो. त्यात व्रतखंड आहे, दानखंड आहे. कोणत्या तिथीला काय करावं, कुणाला काय द्यावं, त्याचं फळ काय. यादवांच्या वंशाची हकिकत आपल्याला बऱ्याच अंशी त्यातल्याच राजप्रशस्तीतून कळते. जमिनीचा हिशेब ठेवणारा, दान कसं करावं ते सांगणारा आणि राजाची वंशावळ लिहिणारा, तिन्ही एकच. यात धर्म कुठे संपला आणि कारभार कुठे सुरू झाला, ते मला दाखवा.

आता पाटण. चाळीसगावजवळ पाटणादेवीला जाणारे खूप असतील, पण तिथला शके ११२८ चा शिलालेख ऐकून असलेले कमी. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा सिंघण यादवाचा ज्योतिषी. आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास चालू राहावा म्हणून त्याने तिथे मठ काढला. मठाला पोटापाण्याची सोय करून दिली ती निकुंभ घराण्यातल्या मांडलिकांनी. लेखाचा शेवट मराठीत आहे आणि खरी गंमत तिथे आहे. बाजारात माल विकला की गिऱ्हाइकाकडून राउळाला, म्हणजे राजाला, जो कर यायचा तो मठाला लावून दिला. तेलाच्या घाण्यांवर पळीपळी तेल लावलं. म्हणजे राज्यकर्त्याने तिजोरीतून पैसे काढून दिलेले नाहीत, त्याने वसुलीचा हक्क दिला. त्या दिवसापासून पाटणच्या तेल्याच्या दृष्टीने मठ हेच सरकार, निदान एका पळीपुरतं.

ग्रहगणित शिकवण्यासाठी तेल्याच्या घाण्यावर कर! विद्या, धर्म, बाजार आणि राजसत्ता इतकी एकमेकांत विणलेली आहे की एक धागा ओढला तर सगळं उसवेल.

दिलेलं टिकवायचं कसं? आजचा राजा देईल, उद्याचा काढून घेईल. त्यावर उत्तर म्हणजे गधेगाळ. वर चंद्रसूर्य, मधे मजकूर, खाली गाढव आणि बाई. जो हे दान मोडेल त्याच्या आईला उद्देशून शिवी, तीही दगडात कोरून. शिलाहारांच्या आणि यादवांच्या काळात कोकणापासून घाटावर असे दगड ठिकठिकाणी उभे राहिले. राजमुद्रेच्या जोडीला शिव्याशाप लागतात, याचा अर्थ उघड आहे: राजाज्ञेला तिच्या राजाइतकंच आयुष्य, आणि ते सगळ्यांना माहीत होतं.

शेवटचं उदाहरण मला सगळ्यात जास्त छळतं. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजीने देवगिरी लुटली. पुढे दहाएक वर्षांनी त्याचा सेनापती मलिक काफूर चालून आला, रामचंद्राला दिल्लीला नेलं, आणि तो तिथून ‘रायरायान’ किताब घेऊन परतला. वारंगळच्या मोहिमेत त्याने काफूरच्या फौजेला मदत केली. आणि नेमक्या त्याच सुमारास, शके १२३२ म्हणजे १३१० मध्ये, पुरुषोत्तमपुरीचा ताम्रपट लिहिला जातो. बीड जिल्ह्यात गोदाकाठी ब्राह्मणांना अग्रहार, म्हणजे वसुलीसकट गाव, दिल्याचा हा ताम्रपट. त्यात रामचंद्राची स्तुती काय? याने वाराणसी म्लेंच्छांपासून सोडवली. प्रत्यक्षात दिल्लीचा मांडलिक, ताम्रपटात काशीचा मुक्तिदाता. लिहिणाऱ्यांना वस्तुस्थिती माहीत नव्हती असं कोण म्हणेल? पण दान देणारा राजा हा असाच असावा लागतो, नाहीतर दानाला वजन येत नाही.

तर माझा मुद्दा असा. दख्खनच्या मध्ययुगात राजा ही सत्तेची सगळ्यात अल्पायुषी जागा होती. टिकत होत्या त्या देवळाच्या, मठाच्या, अग्रहाराच्या, नंतर दर्ग्याच्या नावावरच्या जमिनी आणि हक्क. नवा राजा आला की त्याला पहिल्यांदा या जुन्या हक्कांवर आपली मोहोर उठवावी लागे. मोहोर उठली की तो राजा. कोण कुणाला मान्यता देत होतं मग?

---

निंबोणी

वाचतेय. आमच्या गावात वेशीजवळ असा दगड आहे. लोक त्याला शेंदूर लावतात आणि नवस बोलतात. लहानपणी तो कुठला तरी देव आहे एवढंच माहीत होतं. शिवीचा देव झालेला बघून गंमत वाटली!

---

कोर्टकचेरी

लेख आवडला. थोडी आजची भर घालतो, कारण हे प्रकरण मध्ययुगात संपलेलं नाही. महसूल खात्याच्या भाषेत देवस्थान इनाम म्हणजे वर्ग ३. सातबाऱ्यावर देवाचं नाव असतं, पुजारी किंवा गुरव हा वहिवाटदार. देव कायद्याने ‘व्यक्ती’ आहे, जमीन धारण करू शकतो, दावा लावू शकतो. अशा जमिनी परवानगीशिवाय विकता येत नाहीत, तरी विकल्या जातात, आणि मग आमच्यासारख्यांची पोटं भरतात.

तुमचा मोहोरेचा मुद्दा मला वकील म्हणून पटतो. हक्क सिद्ध करायला एक सनद पुरत नाही, सनदांची साखळी लागते. आधीच्याने दिलं, पुढच्याने चालू ठेवलं. मधली एक कडी तुटली की भांडण. जुन्या इनामदार घराण्यांच्या पेटीत एकाखाली एक अनेक राजवटींचे कागद निघतात ते यामुळेच. त्यात निष्ठा शोधू नका.

---

तर्कटराव

लेखात सगळं आहे, फक्त भरणारा नाही. तेल्याचा उल्लेख आला आणि लगेच ‘विणलेलं आहे’ म्हणून त्याला वाऱ्यावर सोडलं. विणलेलं वगैरे वरून बघणाऱ्याला दिसतं. घाणा ओढणाऱ्याला रोजची पळी दिसते.

अग्रहार म्हणजे काय? कसणारे लोक तेच, गाव तेच, फक्त वरचा भाग आता राजाऐवजी ब्राह्मणांना. वर ‘पुण्य’ नावाची पावती. रामचंद्राच्याच पैठणच्या ताम्रपटात (शके ११९३) दान घेणाऱ्यांना अटी घातल्यात: जमीन गहाण टाकायची नाही, जुगार नको, वेश्या ठेवायच्या नाहीत, शस्त्रं बाळगायची नाहीत. या अटी वाचून लोक म्हणतात, बघा किती नैतिक राज्य. मी म्हणतो, कुणीतरी जुगार खेळत असल्याशिवाय अशी अट कोण लिहितं? आणि शस्त्र न बाळगण्याची अट तर फारच बोलकी आहे. जमीन, वसुली आणि धर्माचा अधिकार तिघं एका हातात गेले. चौथी तलवार तरी आपल्याकडे राहू दे, असा राजाचा हिशेब.

---

आडवाटेचा

तलवारीचा मुद्दा झकास. माझ्या डोक्यात आला नव्हता.

भरणाऱ्याबद्दल: पाटणच्या लेखात कोण भरणार ते निदान नाव घेऊन सांगितलंय. बहुतेक ताम्रपटांत तेवढंही नसतं. गावाच्या सीमा, झाडं, पाणी, ठेवे, सगळं सविस्तर येतं. माणसं मात्र गावाबरोबर आपोआप दिली गेली असं गृहीत.

---

ऱ्हाइनकाठ

इथे जर्मनीत राहून तुमचा धागा वाचताना सारखं इटलीतलं कानोसा आठवत होतं, म्हणून विषयांतराचा धोका पत्करून लिहितो.

शाळेत शिकवतात ती गोष्ट अशी: पोप सातव्या ग्रेगरीने १०७६ मध्ये सम्राटपदावर डोळा असलेल्या चौथ्या हेन्री राजाला बहिष्कृत केलं, आणि जानेवारी १०७७ मध्ये हा राजा आल्प्स ओलांडून इटलीत मातिल्दाच्या कानोसा गडाच्या दारात तीन दिवस थंडीत प्रायश्चित्ताच्या वेशात उभा राहिला. धर्मापुढे सत्ता झुकली, चित्र काढायला सोपं.

पण भांडण कशावरून होतं? बिशप कुणी नेमायचा यावरून. आणि बिशप म्हणजे नुसता धर्मगुरू नव्हे. ओटो घराण्याच्या काळापासून जर्मन राजांनी मुलूख, बाजाराचे, नाण्यांचे, न्यायाचे हक्क बिशपांना देण्याचा सपाटा लावला होता. कारण अगदी रोकडं. सरदाराला जहागीर दिली की ती त्याच्या पोराकडे जाते, राजाला परत मिळत नाही. बिशपला औरस वारस नसतो. तो मेला की राजा पुन्हा आपला माणूस नेमायला मोकळा. म्हणजे ब्रह्मचर्यामुळे जमीन राजाच्या हाताखाली राहत होती! पोपने नेमणुकीचा हक्क मागितला तेव्हा हेन्रीच्या पायाखालची जमीन सरकली, ती अक्षरशः.

हेन्री वाकला तेही श्रद्धेने किती आणि गरजेने किती, हा वाद आहेच. बहिष्कारामुळे सरदारांच्या निष्ठेच्या शपथा सुटल्या होत्या आणि ते दुसरा राजा निवडायला बसले होते. माफी घेऊन त्याने त्यांच्या हातातलं कारण काढून घेतलं. पुढे १०८४ मध्ये त्याने रोमच घेतलं, आणि ग्रेगरी दुसऱ्या वर्षी सालेर्नोला परागंदा अवस्थेत वारला. तोडगा निघाला ११२२ मध्ये वर्म्सला: अंगठी आणि धर्मदंड (बिशपपदाची चिन्हं) चर्चने द्यायची, मुलखाचे हक्क राजाने राजदंडाने द्यायचे. एकाच माणसाच्या दोन नेमणुका.

आता माझा प्रश्न. दख्खनमधली दानं तर ‘पुत्रपौत्रादि’, चंद्रसूर्य असेपर्यंत. म्हणजे ती राजाकडे परत येण्याची सोयच नाही. मग आपल्याकडच्या राजाला यातून काय मिळत होतं? आणि वर्म्ससारखं भांडण आपल्याकडे का झालं नाही?

---

आडवाटेचा

उत्तम प्रश्न. भांडण न होण्याचं एक कारण मला असं दिसतं की आपल्याकडे पोपच नव्हता. नेमणारी एकच मध्यवर्ती धर्मसंस्था नाही. शेकडो देवळं, मठ, अग्रहार, प्रत्येकाचं आपलं आपलं. त्यामुळे राजाला एका मोठ्या प्रतिस्पर्ध्याशी झुंजावं लागलं नाही, आणि एकाला खिशात घालून सगळं राज्यही मिळालं नाही.

मिळत काय होतं? जिथे आपला अंमल कच्चा आहे तिथे पाय रोवता येत होता. पंढरपूरच बघा. १२३७ मध्ये कर्नाटकातल्या होयसळ घराण्याचा राजा सोमेश्वर भीमेकाठी येतो आणि विठ्ठलाला गाव देतो. पंढरपूर काही होयसळांच्या घरचं नव्हे, यादवांशी त्यांची ओढाताण चालू होती. चाळीसेक वर्षांनी त्याच देवळाच्या ‘चौऱ्यांशीच्या लेखा’त (शके ११९५ ते ११९९) देणगीदारांमध्ये हेमाद्री येतो, आणि रामदेवराव (म्हणजे वरचाच रामचंद्र) तर ‘पंढरीफडमुख्य’ म्हणून येतो. दोन घराणी एकाच विटेपाशी आपापली नावं कोरून गेली. विठोबा कुणाचाच मांडलिक झाला नाही.

---

जहीरनामा_बिदर

मी बिदरकडचा, घरी मराठी-दखनी-कन्नड तिन्ही. १३१८ नंतरचं, म्हणजे यादव गेल्यानंतरचं, कुणी बोलत नाहीये म्हणून मी बोलतो. ऱ्हाइनकाठ यांना कानोसा आठवला, मला खुलदाबाद आठवलं.

खुलदाबादला बुरहानुद्दीन गरीब यांचा दर्गा आहे, निजामुद्दीन औलियांच्या परंपरेतले. १३३७ मध्ये वारले. त्यांचे वारस जैनुद्दीन शिराझी. १३४७ मध्ये दौलताबादेत बहमनी राज्य उभं राहिलं, आणि दुसरा सुलतान मुहम्मदशाह याने सगळ्या शेखांकडून (सुफी गुरूंकडून) निष्ठेची शपथ मागितली. जैनुद्दीननी नकार दिला. दारू पिणाऱ्या सुलतानाशी कसली निष्ठा? पुढे दौलताबादेत बंड झालं, बंडखोर शेखांकडे सल्ल्याला गेले, आणि शेखांनी त्यांना गुजरातेत निघून जायला सांगितलं. सुलतान खवळला. शहर सोडा म्हणाला. शेख आपली नमाजाची चटई घेऊन गेले ते थेट गुरूच्या कबरीपाशी जाऊन बसले: आता उठवून दाखवा. फरिश्ता या इतिहासकाराने ही हकिकत दिली आहे. शेवटी नमला सुलतानच, आणि दारूची दुकानं बंद झाली. फरिश्ता दोनशे वर्षांनंतरचा, तेव्हा मीठमसाला असणारच. पण सुलतानाला कबरीवरून माणूस उठवता येत नाही, हे लोकांना पटण्यासारखं वाटत होतं, हीच मोठी गोष्ट आहे.

याच गुरुशिष्यांची नावं खानदेशच्या फारुकी सुलतानांनी तापीकाठच्या गावांना दिली: एका काठाला बुरहानपूर, पलीकडे जैनाबाद. राजधानीलाच पिराचं नाव.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर सुफी म्हणजे सगळे फकीर असं वाटेल. सुफी संत गेसूदराज १४०० च्या आसपास गुलबर्ग्याला आले, फिरोजशाह बहमनीने मानाने ठेवलं. मग बिनसलं. फिरोजला गादी मुलाला द्यायची होती, गेसूदराज भाऊ अहमदच्या बाजूचे. १४२२ मध्ये अहमद गादीवर आला, त्याच वर्षी गेसूदराज वारले, आणि दर्ग्याला गावं मिळाली. पण अहमदशाहने राजधानी बिदरला नेली आणि नवा पीर बोलावला तो थेट इराणातून. किरमानचे शाह नियामतुल्ला स्वतः आले नाहीत, नातू पाठवला. गुलबर्ग्याचा दर्गा फार मोठा झाला होता, दख्खनी अमीर आणि बाहेरून आलेले आफाकी यांची चुरस होती. नव्या राजधानीला नवा पीर. हे राजकारण नाही तर काय?

आणि तिसरी बाजू, जी मला सगळ्यात आवडते. हाच अहमदशाह मेल्यावर ‘वली’ (संत) झाला. बिदरबाहेर अष्टूरला त्याची कबर आहे, आत छतावर सुफी परंपरांची नावं रंगवलेली. त्याच्या उरुसाला लिंगायत जंगम येतात, लोक त्याला अल्लमप्रभू मानतात, आणि तिथी निघते ती आपल्या पंचांगावरून. सुलतान होता तोवर त्याला पीर लागला. मेल्यावर लोकांनी त्यालाच पीर केला.

---

निंबोणी

अष्टूरचं काहीच माहीत नव्हतं! पुढच्या उरुसाला यायचं ठरलं तर कळवते.

---

तांबटनाना

सगळं छान छान चाललंय. पण देवळं पाडली त्याचं काय? त्यावर धागालेखक मूग गिळून गप्प. का, तेही ‘मोहोर’ म्हणायचं का?

---

आडवाटेचा

गप्प नाही, विषय तिथवर आला नव्हता. दौलताबादच्या किल्ल्यात १३१८ ची जामा मशीद आहे, कुत्बुद्दीन मुबारक खिलजीच्या वेळची. तिचे खांब आधीच्या देवळांचे आहेत. कुणीही जाऊन बघावं. (१९४८ पासून तिथे भारतमातेची मूर्ती आहे, हेही बघावं.) यादवांची राजधानी पडली त्याच सुमारास ही मशीद उभी राहिली.

ज्या देवळात राजाच्या नावाचा लेख, राजाच्या नावाची पूजा आणि राज्याचा पैसा आहे ते पाडणं म्हणजे त्या राजवटीचं केंद्र मोडणं. म्हणून ते राजकीय. आणि पाडणाऱ्यांनी, त्यांच्या दरबारी इतिहासकारांनी ते धर्माच्याच भाषेत मिरवलं. म्हणून ते धार्मिक. यातला एक अर्धा लपवला तर दुसराही खोटा होतो. ज्यांचा देव गेला त्यांना तर हा भेद करायची फुरसतच नव्हती.

पण त्याच्याच पुढचं अर्धं शतक बघा. अलिबागजवळच्या नागावचा शिलालेख. त्यावर हिजरी ७६९ आणि शके १२८९, दोन्ही वर्षं एकत्र. आणि खाली तीच जुनी गाढवाची शिवी. वरचे बदलले, कालगणनेत भर पडली, जमीन राखायची पद्धत तीच राहिली.

---

तांबटनाना

बरं. अर्धं पटलं. नागाव बघून येतो मग बोलतो.

---

मातीचा_दिवा

इतका वेळ सगळे सनदा, सुलतान आणि शेख. मला एका गोष्टीचा राग येतोय. धर्म म्हणजे फक्त जमीन धरून बसलेल्या संस्था, असं धाग्यात जवळपास ठरूनच गेलंय. त्याच यादवकाळात, त्याच गोदाकाठी एक माणूस काहीच न धरता फिरत होता. चक्रधरस्वामी. मठ नाही, इनाम नाही, भिक्षा मागायची, एका जागी राहायचं नाही. शिष्यांत महदाइसेसारख्या बायका, ज्या प्रश्न विचारून विचारून गुरूला भंडावून सोडतात. आणि लीळाचरित्रात विरोधक म्हणून कोण येतो? तुमचे श्रीकरणाधिप हेमाद्री.

मला हा विरोध नुसता पंथाचा वाटत नाही. दानखंड लिहिणाऱ्याची सगळी व्यवस्था घेणाऱ्यावर उभी आहे. कुणीतरी दान घेणारा हवा, म्हणजे देणारा पुण्यवान ठरेल. जो घेतच नाही, व्रतं सांगत नाही, त्याचं या दप्तरात काय करायचं? त्याला खातंच नाही. लीळाचरित्र वाचताना राज्यकर्त्यांना या माणसाची भीती का वाटली ते कळतं, आणि ती भीती ताम्रपटांत कुठेच दिसत नाही. म्हणून एकट्या शिलालेखांवर भिस्त ठेवली की धर्म नेहमी मालमत्तेसारखाच दिसणार. गरीब लोक दगडावर लिहीत नाहीत.

आणि आडवाटेचा, तुमच्या गधेगाळीबद्दल: शाप कधी चालतो? समोरचा घाबरला तर. लोकांच्या मनात खरीखुरी भीती, खरीखुरी श्रद्धा नसती तर तो दगड दोन रुपयांचा नव्हता. हिशेब श्रद्धेवर उभा आहे. तुम्ही पाया आणि माडीची अदलाबदल केलीत.

---

तर्कटराव

मातीचा_दिवा, पहिल्या परिच्छेदाला सलाम. पण पुढचंही सांगा. चक्रधरांनंतर काय झालं? महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत बंद करून ठेवले, मठ झाले, महंत झाले. न घेणाऱ्यांनाही टिकायचं म्हटलं की भिंती घालाव्या लागल्या. आणि वारकऱ्यांकडे बघा. चोखोबा गेले १३३८ मध्ये, मंगळवेढ्याचं गावकुस बांधताना, वेठीच्या कामावर, भिंत कोसळून. समाधी कुठे? महाद्वाराच्या पायरीशी. अभंग आत गेले, माणूस बाहेर. आत जायला १९४७ उजाडावं लागलं, साने गुरुजींचं उपोषण लागलं. सहाशे वर्षं!

---

मातीचा_दिवा

मान्य. पण ते अभंग सहाशे वर्षं कुणी गायले, कुठल्या सनदेवर? चोखोबांना कुणी गाव दिलं नव्हतं. निकुंभ, यादव, बहमनी, सगळ्यांच्या मोहोरा आज तज्ज्ञाला विचारून वाचाव्या लागतात. ‘ऊस डोंगा परी’ विचारायला कुणाकडे जावं लागत नाही.

---

कोर्टकचेरी

मंगळवेढ्याचं नाव निघालं म्हणून. दामाजीपंतांची कथा सगळ्यांना येते. दुष्काळात सरकारी कोठार लुटवलं, बिदरच्या बादशहाने पकडून आणायला सांगितलं, तोवर विठू महाराच्या रूपात देव बिदरच्या दरबारात गेला, धान्याची रक्कम मोजली आणि पावती घेऊन आला. लहानपणी मला यात देवाचा चमत्कार दिसायचा. आता धंद्याच्या सवयीने पावती दिसते.

विचार करा, देवाला काहीही करता आलं असतं. बादशहाला स्वप्न पाडता आलं असतं, साखळ्या तोडता आल्या असत्या. कथा रचणाऱ्या लोकांनी देवाकडून काय करवून घेतलं? बाकी चुकती केली आणि रसीद आणली. आणि कुणाच्या रूपात? ज्याला कचेरीची पायरी चढू दिली नसती त्याच्या. बादशहा मुसलमान, देव महाराच्या वेशात, मधे एक ब्राह्मण कारकून अडकलेला. ही गोष्ट खरी घडली की नाही हे बाजूला ठेवा. सामान्य माणसाला राज्य कसं दिसत होतं ते इथे दिसतं: वसुली चुकवता येत नाही, धर्म ती माफ करवू शकत नाही, फार तर कुणीतरी येऊन तुमच्या वतीने भरू शकतं.

---

ऱ्हाइनकाठ

हे जबरदस्त आहे. आमच्याकडच्या संतकथांत संत कैद्यांच्या बेड्या तोडतात. रसीद आणणारा संत अजून भेटला नाही.

---

कावेरीतला_कोल्हापूरकर

उशिरा आलो. तंजावरला नोकरीनिमित्त असतो. देऊळ आणि हिशेब म्हणताय तर चोळ राजा राजराजाच्या बृहदीश्वराच्या भिंती एकदा वाचायला हव्यात. देऊळ १०१० चं. भिंतींवर दागिन्यांच्या याद्या वजनासकट, देवळाच्या सेवेला आणलेल्या चारशे नर्तकींची नावं, कोण कुठल्या घरात राहणार त्यासकट. आणि देवाचे पैसे गावांना व्याजाने दिलेत, दर साडेबारा टक्के, व्याज रोख किंवा भातात. त्या व्याजातून दिव्याचा, नैवेद्याचा खर्च. म्हणजे देव सावकारही होता.

त्याच देवळात आपल्या सरफोजी राजांनी १८०३ मध्ये भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरून घेतला. मोठाच्या मोठा लेख. चोळांच्या भिंतीवर आठशे वर्षांनी भोसले, आणि तेव्हा राज्य प्रत्यक्षात इंग्रजांकडे गेलेलं. पुरुषोत्तमपुरीची आठवण झाली.

---

आडवाटेचा

सरफोजींचा दाखला अगदी चपखल. राज्य गेल्यावरच इतिहास कोरायला वेळ मिळतो की काय!

मातीचा_दिवा यांच्या आक्षेपावर दोन दिवस विचार करतोय. श्रद्धा पायाशी आहे हे मान्य. पण पंढरपूरच्या त्याच चौऱ्यांशीच्या लेखात राजा आणि मंत्री यांच्याबरोबर साध्या, आज कुणालाही माहीत नसलेल्या देणगीदारांचीही नावं आहेत, कुणी किती गद्याण (नाणी) दिले त्यासकट. ती काही मांडलिकांची मोहोर नव्हे. त्यांना ना गाव सांभाळायचं होतं ना गादी. तरी त्यांनाही आपलं नाव दगडावर हवं होतं, रामदेवरावाच्याच दगडावर. तुम्ही म्हणता गरीब लोक दगडावर लिहीत नाहीत. हे गरीब नसतील, पण राजेही नाहीत. या मधल्या लोकांचं काय करायचं ते मला अजून सुचत नाहीये.

---

मातीचा_दिवा

ते मधले लोकच वारीला चालत होते, एवढं मी सांगेन. बाकी त्या लेखातली गावांची नावं कुणी नकाशावर लावून बघितली तर कोण किती लांबून येत होतं ते कळेल. मी चंद्रभागेपासून सुरुवात करते, तुम्ही गोदावरीकडून या.